राडारोडा: घण मारण्याआधीचं काम

मी पुण्यात जुने वाडे उतरवायची आणि फ्लॅट दुरुस्तीची कामं घेतो. लोक विचारतात, एवढा राडारोडा निघाला, आता याचं करायचं काय? खरं तर हे आधी विचारायला हवं. एकदा त्याची भेळ झाली की कोणी ती निवडत बसत नाही.

सुरुवात पीओपीच्या छतापासून करा. ते आधी काढायचं, गोण्यांत भरायचं आणि बाजूला ठेवायचं. त्यात जिप्सम असतं. ते विटांच्या चुऱ्यात मिसळून सिमेंटच्या कामात गेलं, तर ओल लागल्यावर काम फुगतं, तडकतं. मग दारं, चौकटी, नळ, वायरी. सागवान जुन्या बाजारात चांगल्या भावानं जातं. छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना हातोडा लावू नका, बहुधा त्यांत अॅसबेस्टॉस असतं. ते ओले करून अख्खे उतरवायचे, धूळ उडू द्यायची नाही, आणि राडारोड्यात तर टाकायचेच नाहीत.

आता विटा. चुन्यातली किंवा मातीतली भिंत असेल तर वीट साफ सुटते. दोन विटा एकमेकींवर आपटा. टणटणीत आवाज आला तर रचून ठेवा. कंपाउंडच्या भिंतीला, झाडाच्या आळ्याला त्या उत्तम. सिमेंटात बांधलेली वीट मात्र अख्खी निघत नाही. तिचे तुकडे गच्चीच्या कोब्याला (पाणी अडवणाऱ्या उताराच्या थराला) वापरा, पण आधी भरपूर भिजवा, नाहीतर ते सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी ओढून घेतात. फुटक्या ग्लेझ्ड टाइल्स त्याच कोब्यावर चायना मोझाइकला, म्हणजे तुकड्यांच्या फरशीला, लागतात. नवीन फोडून का आणायच्या?

जोत्यात भराव करायचा असेल तर साधारण सहा-सहा इंचांचा थर, पाणी आणि धुम्मस, म्हणजे ठोकून दाबणं. त्यात लाकडाची ढलपीही नको, वाळवी धरते.

फोडलेल्या काँक्रीटची खडी मी स्लॅबला वापरत नाही. आयएस 383 (2016) या खडी-वाळूच्या भारतीय मानकाप्रमाणे आरसीसीत एम 25 ताकदीच्या काँक्रीटपर्यंत ती खडीच्या 20 टक्के चालते, पण ती चाचणी झालेली, राडारोड्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पातून आलेली. घणानं फोडलेली ती ही नव्हे. जुने गज सरळ करून परत वापरायचा मोह तर टाळाच. ते भंगारात द्या.

उरलेलं सगळं महापालिकेच्या वाघोलीच्या राडारोडा प्रकल्पात. राडारोड्याच्या 2016 च्या केंद्रीय नियमांनी मोठं काम म्हणजे दिवसाला 20 टन किंवा महिन्याला 300 टन धरलं आणि चार ढीग सांगितले: काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, विटा-गिलावा. तुमचं काम दोन ब्रासचं (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) असलं तरी ढीग तेच ठेवा. पण गच्चीवर किंवा बाल्कनीत साठवू नका, स्लॅबवर भार येतो.

टेम्पोवाला स्वस्तात नेतो म्हणाला तर कुठे टाकणार ते आधी विचारा. मुठेच्या काठाला रात्रीत वाढलेले ढीग असेच स्वस्तातले असतात. प्रकल्पाची पावती हातात आल्यावरच भाड्याचे उरलेले पैसे द्या.