घरच्या वर्कशॉपसाठी बेंच ग्राइंडर घेताय? या चुका टाळा

दुकानात असो की ऑनलाइन, बेंच ग्राइंडर बघताना बहुतेक जण आधी वॅट विचारतात, आणि गडबड तिथूनच सुरू होते. पटाशी, रंध्याची पाती, ड्रिल बिट, कोयता एवढंच काम असेल तर १५० एमएमच्या (म्हणजे सहा इंची) दगडाला २५० वॅटची मोटर आरामात पुरते. धार चांगली लागणार की नाही हे ठरतं दगड, शाफ्ट आणि टूल रेस्टवर.

टूल रेस्ट म्हणजे दगडापुढची ती टेकू द्यायची पट्टी. स्वस्त मशीनमध्ये ती पातळ पत्र्याची असते, बोटाने दाबली तरी हलते, मग तुम्ही कितीही नीट हात धरा, कोन दर वेळी वेगळाच येणार. दुकानात उभे असाल तर बिनधास्त दाबून बघा. ती पुढेमागे सरकायलाही हवी कारण दगड झिजत जातो आणि दगड आणि रेस्टमधली फट ३ एमएमच्या वर जाऊ द्यायची नाही. फट मोठी राहिली तर जॉब (म्हणजे घासायची वस्तू) आत ओढला जातो, दगड फुटू शकतो, बोटं तिथेच असतात. ज्या मशीनला वरचं गार्ड किंवा डोळ्यांसमोरची काच नाही ते कितीही स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

दुसरी चूक म्हणजे "मोठा दगड तो चांगला" असं समजणं. आपल्याकडे ५० हर्ट्झवर साधी मोटर साधारण २८५० आरपीएमने फिरते. त्या स्पीडला १५० एमएमच्या दगडाची कड सेकंदाला २२ मीटर पळते आणि २०० एमएमची जवळपास ३०, म्हणजे तेवढंच जास्त गरम. साध्या कार्बन पोलादाची पटाशी टोकाला निळी पडली की समजा पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, तो निळा भाग पूर्ण घासून काढल्याशिवाय धार टिकतच नाही. सुतारकामाची हत्यारं जास्त असतील तर १४०० च्या आसपास फिरणारं स्लो स्पीड मशीन शोधा, नाही मिळालं तर निदान दगड तरी बदला.

कारण मशीनसोबत येणारे राखाडी दगड, बहुतेक वेळा एक ३६ आणि एक ६० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दाण्याचा आकडा, मोठा तितका दाणा बारीक), लोखंड घासायला ठीक पण पटाशीला फार कडक असतात. ग्राइंडवेल नॉर्टन किंवा कार्बोरंडम युनिव्हर्सलचा पांढरा दगड घ्या आणि लेबल वाचा: 'डब्ल्यूए ६० के' म्हणजे पांढरा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, ६० ग्रिट, मऊ ग्रेड. हिरवा दगड कार्बाइडच्या (पोलादाहून खूप कडक) हत्यारांसाठी असतो, पोलादावर नका लावू. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत चौकशी करा, जाताना शाफ्टची जाडी आणि दगडाची रुंदी मोजून न्या, नाहीतर बुश (दगडाचं भोक आणि शाफ्ट यांच्यामधली रिंग) बसत नाही.

नवा दगड बसवण्याआधी बोट भोकात घालून तो लटकवा आणि लाकडी मुठीने हळूच टकटक करा. खणखणीत वाजला तर ठीक, भद्द वाजला तर आत तडा आहे, फेकून द्या. दगडावरचा कागदी वॉशर काढू नका, फ्लँजचा (दगड दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या चकतीचा) दाब सगळीकडे सारखा पडावा म्हणूनच तो असतो. डाव्या बाजूच्या नटला उलटे आटे असतात, उगाच जोर लावून शाफ्ट खराब करू नका. बसवल्यावर बाजूला उभं राहून एक मिनिट नुसतं फिरू द्या, समोर थांबू नका.

आता थरथर, ही सगळ्यात कॉमन तक्रार आणि लोक लगेच मोटरला दोष देतात. दोन्ही दगड काढा आणि मशीन नुसतं चालवा. शांत चाललं तर दोष दगडाचा किंवा बुशचा, मग बुश ढिला आहे का बघा, एक दगड शाफ्टवर पाव फेरा फिरवून पुन्हा आवळा आणि ड्रेसरने (दगडाचा वरचा थर खरवडायचं हत्यार) गोल करून घ्या. दगड काढूनही थरथरत असेल तर शाफ्ट वाकडा किंवा बेअरिंग गेलेलं, नवं मशीन असेल तर सरळ परत करा. चालू केल्यावर नुसतं गुणगुणतंय आणि फिरत नाहीये तर लगेच बंद करा, प्लग काढा, हाताने दगड मोकळा फिरतो का बघा, फिरत असेल तर बहुतेक कपॅसिटर गेलेला असतो, तो इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या.

अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ या दगडांवर घासू नका, धातू छिद्रांत भरतो, दगड चकचकीत होतो, कापत नाही, नुसता तापवतो. तसा झालाच तर ड्रेसर फिरवून वरचा थर काढा. दगडाच्या बाजूच्या सपाट भागावर घासू नका, तो त्या दाबासाठी बनवलेलाच नाही. हातमोजे घालायचे नाहीत, गॉगल मात्र काच असली तरी घालायचाच.