बर्फाखालच्या ज्वालामुखीवर लक्ष ठेवताय? मग या चुका टाळा

आम्ही पुण्यातली पाच-सहा जणं दर रविवारी कोथरूडला एका मैत्रिणीकडे जमतो आणि आइसलँडच्या हवामान खात्याचा भूकंपांचा नकाशा उघडून बसतो, तो कुणालाही फुकट बघता येतो. नवीन येणारा प्रत्येक जण त्याच चुका करतो म्हणून एकदा सगळं लिहून टाकतेय.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे दिसला हादरा की म्हणायचं मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) वर आला. अहो, बर्फ पण हलतो ना! हिमनदी खडकावर अडकते, सुटते, तिला भेगा पडतात आणि हे सगळं सिस्मोमीटरवर, म्हणजे हादरे टिपणाऱ्या यंत्रावर, उमटतं. अमेरिकेत माउंट रेनियर या ज्वालामुखीवर एकसारखे छोटे हादरे सारखे यायचे, ते हिमनदीच्या घसरण्याचे निघाले. त्यामुळे आधी हादरा जमिनीत किती खोल आहे ते बघा, मग हादरे जागा बदलतायत का ते बघा. २०१४ मध्ये आइसलँडच्या बार्डारबुंगा ज्वालामुखीला १६ ऑगस्टपासून हादऱ्यांची रांग बर्फाखालून सरकत ४० किलोमीटरच्या वर गेली आणि दोन आठवड्यांत बर्फाबाहेरच्या होलुह्राउनला लाव्हा बाहेर आला. असं सरकणं दिसलं की मात्र झोपायचं नाही.

जमीन किती वर-खाली झाली ते मोजणाऱ्या जीपीएसचंही तेच. जमीन वर आली म्हणजे खाली मॅग्मा भरतोय असं लगेच धरू नका, हिवाळ्यात बर्फाच्या वजनाने जमीन दबते आणि उन्हाळ्यात वर येते, शिवाय हिमनद्या वितळतायत त्यामुळे ती दरवर्षी थोडी उचलली जातेच. निदान दोन-तीन वर्षांचा आलेख समोर ठेवा.

आता नदी, आणि हे मला मनापासून सांगायचंय कारण सगळे शिखराकडे बघत बसतात आणि माणसं मरतात ती नदीकाठी. घरी टँकरचं पाणी तपासायला पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार दाखवणारा) असतो ना, तो फ्रिजमधल्या बर्फाच्या पाण्यात बुडवा, मग त्यात चिमूटभर मीठ टाकून परत बुडवा, आकडा कसा उडी मारतो बघा. ज्वालामुखीच्या उष्णतेने वितळलेलं पाणी असेच क्षार घेऊन येतं, म्हणून आइसलँडमध्ये नद्यांची कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते, सतत मोजतात. ती वाढली, सडक्या अंड्यासारखा वास आला, तर पूर निघालाय समजा. जुलै २०११ मध्ये तिथल्याच कातला ज्वालामुखीच्या बर्फाखालून असाच पूर आला आणि मुलाक्विस्ल नदीवरचा पूल वाहून गेला, वर ना धूर दिसला ना राख.

कोलंबियात १३ नोव्हेंबर १९८५ ला नेवाडो देल रुईझ या बर्फाच्छादित ज्वालामुखीचा उद्रेक तसा छोटाच होता, पण वितळलेल्या बर्फाचा चिखल साधारण अडीच तासांत आर्मेरो गावात शिरला आणि जवळपास २३ हजार माणसं गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता हो. पानशेत धरण फुटल्याचं ज्यांच्या घरात ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. खडकवासल्यातून पाणी सोडलं की आपण नदीपात्रातल्या भिडे पुलाकडे जात नाही, तसंच हे, वर काय झालं ते कळल्यावर खाली किती वेळ उरतो तो हिशोब आधी करून ठेवायचा.

अजून एक, सिस्मोमीटरवर सलग थरथर दिसली तर वारा आणि पूर दोन्ही तपासा, दोघांमुळेही तशीच रेघ येते.

आणि पूर ओसरला की नकाशा बंद करू नका. आइसलँडच्याच ग्रिम्सव्होट्न ज्वालामुखीला २००४ मध्ये बर्फाखालच्या तळ्याचं पाणी निघून जायला लागलं, वरचा दाब कमी झाला आणि १ नोव्हेंबरला उद्रेक सुरू झाला.