रबरी बुशच्या जागी पीयू बुश: लोअर आर्म खोलण्यापासून अलाइनमेंटपर्यंत

स्पीडब्रेकर उतरताना पुढून 'ठक्' असा आवाज येतो, ब्रेक दाबला की स्टिअरिंग किंचित एका बाजूला ओढतं आणि पुढचे टायर आतल्या कडेनं झिजतात. ही लक्षणं एकत्र दिसली तर शॉकअ‍ॅब्सॉर्बरला दोष देण्याआधी लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश (सांध्यातले गोल रबरी तुकडे) बघा. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, आर्म आणि सबफ्रेमच्या (इंजिनखालच्या लोखंडी चौकटीच्या) मधे टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकं उचकटा. चांगला बुश थोडा दबतो आणि जागेवर परत येतो. गेलेल्या बुशमध्ये मधली नळी एका बाजूला सरकलेली दिसते, रबराला गोलाकार चीर असते किंवा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येतो. बुशभोवती तेलकट डाग असेल तर तो द्रव भरलेला हायड्रॉलिक बुश असून फुटला आहे असं समजा. त्याच वेळी चाक वर-खाली हलवून बॉल जॉइंटही (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) तपासा, कारण तो गेला असेल तर नुसते बुश बदलून ठकठक थांबणार नाही.

आता रबर की पीयू. रबरी बुशमधलं रबर आतल्या लोखंडी नळीला आणि बाहेरच्या रिंगेला कारखान्यातच पक्कं चिकटवलेलं असतं. आतली नळी बोल्टनं सबफ्रेमला आवळलेली असते, ती फिरत नाही. चाक वर-खाली झालं की मधलं रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा बुश कशालाच चिकटवलेला नसतो. तो आतल्या नळीभोवती घासत फिरतो. थोडक्यात रबरी बुश ही स्प्रिंग आहे आणि पीयू बुश हे बेअरिंग. हा फरक डोक्यात पक्का बसला की कुठे पीयू लावायचा, ग्रीस का लागतं, बोल्ट कधी आवळायचा, चूंचूं आवाज का येतो, या सगळ्याची उत्तरं त्यातूनच निघतात.

कुठे लावावा, कुठे नाही

बेअरिंग एकाच अक्षाभोवती चांगलं फिरतं. त्यामुळे जिथे हालचाल दरवाज्याच्या बिजागरीसारखी सरळ आहे तिथे पीयू शोभतो: लोअर आर्मचा पुढचा आडवा बुश, स्टॅबिलायझर बारचे (दोन्ही चाकं जोडून गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या दांड्याचे) डी-बुश आणि कमानपाट्यांचे डोळे. मारुती जिप्सीला पुढे-मागे चारही कमानपाटे आहेत. प्रत्येक पाट्याला एक पक्का डोळा आणि शॅकलच्या (पाट्याचं दुसरं टोक धरणाऱ्या झुलत्या कडीच्या) दोन पिना, म्हणजे तीन जागा. गाडीला बारा जागा आणि प्रत्येकी दोन अर्ध्या तुकड्यांनी चोवीस तुकडे. पीयू शिकायला याहून सोपी गाडी नाही, कारण तिथले बुश हातानं बसतात आणि प्रेस लागत नाही.

उलट मागच्या ट्विस्ट बीमचे (मागची दोन चाकं जोडणाऱ्या, पिळल्या जाणाऱ्या आडव्या तुळईचे) बुश रबरीच ठेवा. वळणावर बीम थोडा तिरपा सरकावा म्हणूनच ते मुद्दाम मऊ आणि कोन देऊन बसवलेले असतात. मागे सलग अ‍ॅक्सल असून तो चार-पाच लिंकांवर टांगलेला असेल, तर सगळ्या लिंकांना कडक पीयू घातल्यावर एक चाक खड्ड्यात उतरताच लिंका एकमेकींना अडवतात. मग ताण बुशऐवजी ब्रॅकेटच्या वेल्डवर जातो. लोअर आर्मचा मागचा बुश उभा बसवलेला असेल आणि त्यात मुद्दाम पोकळ्या सोडलेल्या असतील, तर त्या जागेसाठीच बनवलेला पीयू बुश मिळत असेल तरच लावा. मिळत नसेल तर तिथे कंपनीचा रबरी आणि पुढे पीयू ही जोडी उत्तम चालते.

एक किंमत मात्र मोजावीच लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटचे सांधे आधी पायाला जाणवायचे, ते आता कानालाही ऐकू येतील. रबराचा कडकपणा शोअर ए मापात साधारण ५० ते ७० असतो. रोजच्या गाडीला ७५ ते ८५ चा पीयू पुरे. ९५ चा बुश शर्यतीच्या गाडीसाठी असतो, दुकानदार 'हेवी ड्युटी' म्हणून देऊ लागला तरी घेऊ नका.

पीयूतही दोन जाती आहेत. पॉलिएस्टरवर आधारलेला पीयू उष्ण दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की पाण्यामुळे त्याची साखळी तुटते आणि तो चिकट होऊन भुसभुशीत पडतो. पॉलिइथर जातीचा पीयू पाण्याला बराच टिकतो. कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर हे विचारूनच किट घ्या. ज्या पाकिटावर कडकपणाही लिहिलेला नाही आणि जातही नाही, ते तिथेच ठेवून या.

सामान

एका अ‍ॅक्सलला दोन आर्म, प्रत्येकी दोन बुश, म्हणजे चार बुश. प्रत्येक बुशचे सहसा दोन तुकडे, एक स्टीलची नळी आणि ग्रीसची पुडी. शिवाय नवे नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, आपोआप सैल न होणारे) आणि बॉल जॉइंटची नवी स्प्लिट पिन घ्या. मॅन्युअलमध्ये 'आधी इतका टॉर्क, मग इतके अंश' असं लिहिलं असेल तर तो बोल्ट एकदाच वापरायचा असतो, तोही नवा आणा.

हत्यारांत जॅक, दोन घोड्या, चाकांना लावायला लाकडी ठोकळे, सॉकेट सेट, दोन फुटी ब्रेकर बार, २०० न्यूटन-मीटरपर्यंतचा टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना), स्क्रूचा बॉल जॉइंट पुलर, ड्रिल आणि ६ मिमीचं बिट, हॅकसॉ ब्लेड, छिन्नी, मोठा व्हाइस, व्हर्नियर, १२० नंबरचा पॉलिश पेपर.

खोलण्याआधी व्हर्नियर वापरा. तुकडे जोडून त्यांची एकूण लांबी मोजा आणि नळीची लांबी मोजा. नळी बुशएवढी किंवा केसभर जास्त हवी. ती आखूड असेल तर बोल्ट नळीऐवजी पीयूलाच चिमटतो आणि बुश फिरेनासा होतो. दोन-तीन मिलिमीटर लांब असेल तर आर्म पुढे-मागे सरकून ठकठक करणार. स्वस्त किटमध्ये हीच चूक सर्वांत जास्त सापडते, आणि गाडी उघडी पडल्यावर ती सापडण्यात मजा नाही.

आर्म काढणं

पुढची पद्धत मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाड्यांसाठी आहे. तिथे स्प्रिंग स्ट्रटवर, म्हणजे शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या उभ्या नळीवर, असते, आर्मवर तिचा भार नसतो. ज्या गाडीत स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचा) भार थेट खालच्या आर्मवर येतो, तिथे बॉल जॉइंट असाच सोडवला तर आर्म प्रचंड जोरानं खाली झेपावतो. अशी गाडी वर्कशॉपलाच द्या.

आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल करा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. मग गाडी उचलून घोड्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा. घोडी आर्मखाली लावू नका, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

स्टॅबिलायझर बारची लिंक दोन्ही बाजूंनी सोडवा. एकीकडची तशीच ठेवली तर पिळलेला बार दुसऱ्या बाजूचा आर्म दाबून धरतो आणि बोल्ट निघता निघत नाही. बॉल जॉइंट दोन प्रकारचा असतो. निमुळत्या पिनेचा असेल तर पुलर लावा. ठोकून घालायचा काट्यासारखा पुलर हाताशी असला तरी नको, तो रबरी बूट फाडतो आणि चांगला जॉइंट वाया जातो. पिंच बोल्टचा (फट आवळून पिन धरणाऱ्या बोल्टचा) असेल तर बोल्ट पूर्ण बाहेर काढा, कारण तो पिनेच्या खाचेतून जातो, नुसता सैल करून भागत नाही. मग फटीत छिन्नी हलकेच घालून ती किंचित उघडा.

हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) मोकळा झाला की तो तारेनं स्ट्रटला बांधा. लोंबकळला की ब्रेकच्या होजवर भार येतो, आणि हब बाहेर ओढला गेला तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो. आता सबफ्रेमचे बोल्ट काढा. कोणता बोल्ट कुठल्या दिशेनं होता त्याचा फोटो काढून ठेवा. काही गाड्यांत बोल्ट गिअरबॉक्सला अडतो आणि सबफ्रेम थोडी खाली घ्यावी लागते. समुद्राकाठच्या गाडीत बोल्ट बुशच्या नळीतच गंजून अडकलेला असतो. डोकं फिरतं, पण बोल्ट पुढे सरकत नाही. तिथे बार लावून जोर केला तर सबफ्रेममधला वेल्ड केलेला नट सुटतो आणि काम दुप्पट होतं. सरळ बुशच्या दोन्ही कडांनी बोल्ट कापा. बुश तर टाकायचाच आहे.

जुना बुश काढणं

आधी किटचा कागद वाचा. काही किटमध्ये जुन्या बुशची बाहेरची रिंग आर्ममध्येच ठेवायची असते. ती काढून टाकली तर नवा बुश भोकात खुळखुळतो आणि नवा आर्म आणावा लागतो.

रबर जाळून काढायची पद्धत जुनी आहे, पण धूर विषारी असतो, आणि अ‍ॅल्युमिनियमचा आर्म तापला की त्याची ताकद जाते. त्यापेक्षा रबरात गोलाकार सहा-आठ भोकं पाडा, मधली नळी ठोकून काढा, उरलेलं रबर ब्लेडनं सोला. रिंग काढायची असेल तर हॅकसॉ ब्लेड भोकातून ओवून तिला एकच उभी चीर द्या. चीर रिंगेच्या जाडीपुरतीच, आर्मला लागता कामा नये, कारण तिथूनच पुढे तडा जातो. मग छिन्नीनं रिंग आत दुमडा, ती सैल होऊन निघते.

लेथवाल्याकडे प्रेसवर काढणार असाल तर एक गोष्ट त्याला आवर्जून सांगा. पत्र्याचे दाबून केलेले आर्म पोकळ असतात. बुशच्या भोवती नीट बसणाऱ्या पाइपच्या तुकड्याचा आधार दिला नाही तर प्रेसखाली डोळा वाकडा होतो. वाकडा डोळा सरळ होत नाही.

भोक पॉलिश पेपरनं साफ करा, कडेचा बर (कापल्यावर उरलेली धारदार कड) काढा, प्राइमरचा अगदी पातळ हात द्या. जाड रंगानं भोक लहान होतं.

बसवणं

ग्रीस बुशच्या आत, नळीवर आणि बाजूच्या कॉलरच्या घासणाऱ्या तोंडांवर भरपूर लावा. बाहेरच्या अंगाला किट सांगेल तेवढंच. तिथे बुशनं आर्म धरून ठेवायचा असतो, आत सरकवायला साबणाचं पाणीही पुरतं. ग्रीस किटमधलं किंवा सिलिकॉन अथवा पीटीएफईचं, पाण्यानं धुऊन न जाणारं. गॅरेजमधलं साधं ग्रीस पावसात धुऊन जातं, आणि त्यातलं खनिज तेल शेजारच्या रबरी भागांना लागलं तर रबर फुगतं.

एक तुकडा एका बाजूनं, दुसरा दुसऱ्या बाजूनं व्हाइसमध्ये दाबून बसवा, नळी सगळ्यांत शेवटी घाला. व्हाइस पुरत नसेल तर एम१२ चा लांब आटेवाला रॉड, दोन नट आणि जाड वॉशर घेऊन ओढून घ्या. हातोडीनं ठोकलं तर पीयूची कड कापली जाते. बसल्यावर नळी हातानं किंवा पान्यानं जड पण सलग फिरली पाहिजे. फिरतच नसेल तर भोकात रंग, बर किंवा वाकडेपणा राहिला आहे, तसंच गाडीला लावू नका.

आर्म जागेवर घ्या, सबफ्रेमचे बोल्ट हातानं लावून थोडेच आवळा. बॉल जॉइंट आणि लिंक पूर्ण आवळा, स्प्लिट पिन घाला. मग चाकं लावून गाडी खाली घ्या, पुढचा भाग दोन-तीनदा दाबून हलवा आणि वजन चाकांवर असतानाच सबफ्रेमचे बोल्ट टॉर्कला आवळा. खाली हात पोचत नसेल तर चाकांखाली भक्कम लाकडी फळ्या किंवा रॅम्प घ्या. आकडा मॅन्युअलचाच घ्यायचा. छोट्या-मध्यम गाड्यांत तो बहुतेकदा ८० ते १५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो.

निव्वळ पीयू बुश चाक लटकत असताना आवळला तरी फारसं बिघडत नाही, तो फिरतोच. पण त्याच आर्मवर दुसरा बुश रबरी असेल तर तो लटकत्या स्थितीत आवळताच कायमचा पिळलेला राहतो. गाडी पुढून उंच दिसते आणि नवा रबरी बुश काही महिन्यांत फाटतो. 'नवे बुश टाकले तरी टिकत नाहीत' अशा तक्रारीमागे बहुधा हीच आवळणी असते.

नंतर

अलाइनमेंट त्याच दिवशी करा. जुने बुश सैल असताना केलेली टो (वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप) आता चुकीची ठरते. शंभरेक किलोमीटर चालल्यावर बोल्टांचा टॉर्क पुन्हा तपासा.

आवाजावरून दोष ओळखता येतो. हळू जाताना दर खड्ड्याला चूंचूं येत असेल तर ग्रीस कमी. ठक् येत असेल तर बोल्ट सैल किंवा नळी लांब. गाडी दगडासारखी कडक वाटत असेल आणि पुढचा भाग दाबून सोडल्यावर अर्ध्यातच अडत असेल, तर नळी आखूड असून कॉलर चिमटली आहे. ब्रेक मारताना स्टिअरिंगमध्ये आधी नसलेली थरथर आली तर बुश बरोबर आहे, वाकडी डिस्क आता लपत नाहीये एवढंच. हायड्रॉलिक बुशच्या जागी पीयू घातलेल्या गाड्यांत हे विशेष जाणवतं.

चूंचूं थांबवायला आर्म पुन्हा काढायची गरज नसते. बोल्ट सैल करा, कॉलर टॉमीनं किंचित मागे सारा, जाड सुईच्या सिरिंजनं फटीत ग्रीस भरा, आणि गाडी चाकांवर उभी करून बोल्ट परत टॉर्कला आवळा. पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा एवढं केलं की पुरतं.