वर चढून चेनसॉ चालवताय? या चुका टाळा

झाडावर चेनसॉ चालवायला शिकायला आलेला नवखा पहिल्या दिवशी मशीनबद्दलच विचारतो. किती सीसीचं घेऊ, बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) किती इंचाचा, पेट्रोलवरचं बरं की बॅटरीवरचं. वर गेल्यावर बसायचं कसं, दोर कुठून न्यायचा, हे फारसं कुणी विचारत नाही. अपघात मात्र बहुतेक तिथूनच सुरू होतात.

एका हाताने कापणं

ही चूक रोज दिसते म्हणून आधी हिच्याबद्दल. झाडावरच्या मशीनची मूठ वरच्या बाजूला असते. अडचणीच्या जागी मशीन अंगाजवळ धरता यावं, एवढ्यासाठीच ती तिथे दिलेली आहे. लोक मात्र ते एका हाताने चालवायचं मशीन समजतात. डाव्या हाताने फांदी धरायची, उजव्याने कापायची, आणि सेकंदाला २० मीटरच्या आसपास पळणारी चेन डाव्या हातापासून वीतभर अंतरावर. बघणाऱ्याला फार सफाईचं वाटतं.

बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकला की मशीन उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतं. हाच किकबॅक. तो दिसेपर्यंत होऊन गेलेला असतो. चेनब्रेक दोन तऱ्हांनी लागतो: झटका जोराचा असला तर आपोआप, नाहीतर उसळताना डावं मनगट पुढच्या गार्डवर आदळून. डावा हात फांदीवर असेल तर दुसरा मार्ग तुम्हीच बंद करून ठेवला.

‘पण तुकडा खाली पडू द्यायचा नसेल तर?’ हा प्रश्न ठरलेला. लहान तुकड्याला दोन काप द्या. एक एका बाजूने, दुसरा समोरच्या बाजूने दोन-तीन सेंटिमीटर वर-खाली सरकवून, असे की दोन्ही काप मध्यावर एकमेकांना ओलांडून जातील. तुकडा जागच्या जागी उभा राहतो. मग मशीन बंद करा, कमरेला लटकवा आणि दोन्ही हातांनी कट्‌कन मोडून घ्या. अर्धा मिनिट जास्त लागतो. तेवढाही धीर नसेल त्याने जमिनीवर लाकडं फोडावीत.

खरं कारण वेगळंच असतं. माणूस एका हाताने कापतो, कारण दुसऱ्या हाताने त्याने झाड धरलेलं असतं. बैठकच पक्की नसते. म्हणून मशीन सुरू करण्याआधी मी दोन्ही हात सोडतो आणि सावकाश दहा अंक मोजतो. झोका बसला, पाय सरकला, पोटऱ्या थरथरायला लागल्या, तर जागा बदलतो. माझ्याबरोबरच्या पोरांना याचा कंटाळा येतो. येऊ दे.

एकाच दोरावर कापणं

कापताना अंगाला दोन आधार हवेत: वरून आलेला मुख्य दोर आणि खोडाभोवती घेतलेला लॅनयार्ड, म्हणजे कमरेला अडकवलेला आखूड दोर. हे मला पाठ होतं, तरीही मी चुकलो.

कामाला लागून तिसरं वर्ष. एका कललेल्या झाडाच्या शेंड्याकडे होतो आणि फक्त दोन काप राहिले होते. बेचक्याच्या पलीकडे सरकायला लॅनयार्ड आडवा येत होता, म्हणून सोडला. फांदी बाहेरून धडधाकट, आत पोकळ. मी नेहमीच्या जोराने दाबलं, बार अपेक्षेपेक्षा लवकर आरपार गेला आणि टोक फांदीमागच्या माझ्याच दोराला चाटून गेलं. ताणलेल्या दोराला चेन नुसती शिवली तरी पुरतं. वरचं वेष्टण फाटलं आणि आतले धागे एकेक करून सुटताना दिसले. मी मशीन सोडलं, ते पट्ट्यावर लोंबकळलं, आणि खोडाला मिठी मारून बसलो. उस्ताद दुसरा दोर घेऊन वर येईपर्यंत तसाच. त्यांनी मला खाली उतरवलं, एक शब्द बोलले नाहीत. खाली आल्यावर दोराची गुंडाळी करायला लागलो तर हात इतके कापत होते की वेटोळं पडेना. तेव्हा म्हणाले, ‘दोनच काप राहिलेत ना? ते मी करतो.’

तेव्हापासून प्रत्येक कापाआधी मी तीन गोष्टींना हात लावतो: मुख्य दोर, लॅनयार्ड आणि दोराची खाली सोडलेली शेपटी. नुसतं बघून भागत नाही, पानांआड दोर लपतो. स्टीलच्या तारेचा गाभा असलेला लॅनयार्ड घ्या, पण त्याला चिलखत समजू नका. चेन त्यालाही तोडते, फक्त थोडी जास्त झुंजते.

मशीन अडकल्यावर ओढाताण

कापात बार आवळला गेला की आधी इंजिन बंद. मग हातकरवतीने शेजारून काप देऊन सोडवा. अडकलेलं मशीन घेऊन तुकडा खाली गेला तर मशीनच्या पट्ट्याला बांधलेले तुम्हीही ओढले जाता. म्हणून जास्त ताण आला की तुटून सुटणारा पट्टा वापरा. मशीन गेलं तर जाऊ दे.

बाकीच्या, थोडक्यात

शिडीवरून चेनसॉ नको. फांदीचं वजन गेलं की उरलेला भाग वर उचलला जातो आणि त्याला टेकवलेली शिडी निसटते.

खांद्याच्या वर मशीन नेऊ नका. उंच वाटतंय? मग अजून वर चढा.

मशीन जमिनीवर सुरू करून गरम करा, मगच वर न्या. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही चेन फिरत असेल तर ते मशीन खालीच राहू दे.

जागा बदलताना ब्रेक लावलेलाच हवा.

जड फांदीला आधी खालून काप, मग वरून. नाहीतर सालीची लांब पट्टी सोलत फांदी खोडावर येते, जिथे तुम्ही बसलेले असता.

लाकडाच्या ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडतोय म्हणजे चेन बोथट. जोर लावू नका, कानस लावा.

मनगटाएवढ्या फांदीला हातकरवत पुरते. ती काढायला लाज वाटणारे लोक मी पाहिलेत.

विजेची तार जवळ असेल तर चढूच नका. पुरवठा बंद केल्याची खात्री वीजवाल्यांकडूनच घ्या. ओली फांदी तारेला लागली तरी पुरे.

खाली कोण आहे?

एकट्याने चढायचं नाही, हे सगळ्यांना पटतं. पण खाली उभा असलेला माणूस फक्त फोन करू शकत असेल तर त्याचा उपयोग अर्धाच. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांमध्ये, निश्चल लटकत राहिला तर रक्त पायात साचतं आणि थोड्या वेळात जिवावर बेततं. खालच्याला चढता यायला हवं, आणि त्याचा स्वतःचा हार्नेस आणि दोर तिथेच, पिशवीतून बाहेर काढून ठेवलेला हवा. काम घेताना मी हे विचारतोच. ‘माझा मेहुणा उभा राहील की खाली’ असं उत्तर आलं, तर मेहुण्याला चढता येतं का, हा माझा पुढचा प्रश्न असतो.