सोलापुरात ऑर्थोची रेसिडेन्सी: पहिल्या वर्षी काय शिकायचं, कशावरून शिकायचं

एमएस ऑर्थोला (हाडांच्या शस्त्रक्रियेच्या पदव्युत्तर शिक्षणाला) नव्याने लागलेल्या प्रत्येकाला मोडलेल्या हाडात प्लेट आणि नेल (धातूची पट्टी आणि सळई) कधी बसवायला मिळणार याची घाई असते. पण पहिल्या वर्षाचं ध्येय ते नाही. रात्री कॅज्युअल्टीत आलेला हात किंवा पाय सकाळच्या राउंडपर्यंत सुखरूप ठेवता आला पाहिजे, हे पहिल्या वर्षाचं ध्येय. त्यासाठी चार गोष्टी पक्क्या लागतात: नर्व्ह (मज्जातंतू) आणि नाडीची तपासणी, प्लास्टर, ट्रॅक्शन (वजन लावून हाड ताणून ठेवणं), आणि दर तासाला उठून पुन्हा बघण्याची सवय.

सोलापुरात यासाठी रुग्णांची कमी कधीच पडत नाही. पुणे-हैदराबाद आणि विजयपूर महामार्गांवरचे अपघात वर्षभर येतात. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झालं की ऊस वाहणारे ट्रॅक्टर-ट्रॉली आणि त्यांना मागून धडकलेले दुचाकीस्वार यांची भर पडते. यंत्रमागावर बोटं सापडलेले कामगार वेगळेच. उघडा टिबिया फ्रॅक्चर (नडगीचं हाड मोडून वर जखम) तुम्हाला पहिल्याच आठवड्यात दिसेल. तेव्हा करायच्या गोष्टी पाठ असू द्या: आधी एबीसी (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण), मग जखमेचा एकदाच फोटो, सलाइनने भिजवलेली निर्जंतुक पट्टी, स्प्लिंट, टिटॅनस, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस पोचल्यापासून तासाभराच्या आत. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवण्यासाठी पट्टी पुन्हापुन्हा उघडू नका, त्याने संसर्ग वाढतो. फोटो काढायचा तो त्यासाठीच. गस्टिलोचा ग्रेड (उघड्या फ्रॅक्चरची जखम किती गंभीर याची प्रत) कॅज्युअल्टीत ठरवायची गडबड करू नका. तो ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जखम साफ केल्यावरच खरा ठरतो.

आता प्लास्टर. हे काम ब्रदर किंवा प्लास्टर टेक्निशियनवर सोडून देणारा रेसिडेंट पुढे अडतो, म्हणून पहिले तीन महिने प्रत्येक स्लॅब (एकाच बाजूने दिलेलं प्लास्टर) स्वतः घाला. हाताला साधारण 4 इंची रोल, 8 ते 10 थर. पायाला 6 इंची, 12 ते 16 थर. सोलापुरात याला एक खास मुद्दा जोडावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो आणि गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी चांगलंच गरम असतं. अशा पाण्यात पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) झपाट्याने सेट होतं, मोल्ड करायला वेळ मिळत नाही, आणि सेट होताना निघणारी उष्णताही वाढते. थर जाड असतील आणि खाली उशी ठेवली असेल तर कातडी भाजते. पाणी माठातलं किंवा सकाळी भरून ठेवलेलं घ्या, बादली दर दोन रुग्णांनंतर बदला, आणि स्लॅब सेट होईपर्यंत त्यावर पांघरूण घालू नका. मोल्ड करताना तळहात वापरा. बोटांचे खड्डे पडले की आतून दाब येतो आणि तिथेच फोड येतो. फिब्युलाच्या डोक्यावर (गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला) कापसाचा जादा थर हवाच, नाहीतर कॉमन पेरोनिअल नर्व्ह दाबली जाऊन फूट ड्रॉप होतो, म्हणजे पाऊल वर उचलता येत नाही. मनगटाच्या स्लॅबमध्ये तळहाताच्या आडव्या रेषेपुढे प्लास्टर जाऊ देऊ नका, बोटं मुठीपासून मोकळी वळली पाहिजेत.

प्लास्टरनंतर रुग्ण 'खूप दुखतंय' म्हणाला तर इंजेक्शन लिहून झोपायला जाऊ नका. हे वाक्य या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं समजा. फ्रॅक्चरच्या मानाने जास्त दुखणं, आणि बोटं हलकेच ताणली की कळ येणं, ही कंपार्टमेंट सिंड्रोमची (स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटण्याची) पहिली खूण. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, नाडी बराच वेळ लागत राहते. आधी प्लास्टर आणि खालचा कापूस, दोन्ही कातडी दिसेपर्यंत पूर्ण लांबीत कापा. पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा, उंच नको. उंच ठेवला की रक्तपुरवठा आणखी घटतो. अर्ध्या तासात आराम नाही तर सिनिअरला उठवा, कितीही वाजले असोत. सहा ते आठ तासांत स्नायू कायमचे जातात. खेड्यातून हाडवैद्याची बांबूच्या कामट्यांची घट्ट पट्टी बांधून आलेल्या मुलांकडे याच नजरेने बघा. पट्टी लगेच सोडा, आणि सोडण्याआधी व सोडल्यावर बोटांची हालचाल, संवेदना, रंग वेळेसह केसपेपरवर लिहा. नातेवाइकांना रागावून काही साधत नाही, पुढच्या वेळी ते मुलाला आणायला आणखी उशीर करतात.

मुलांच्या कोपराच्या सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चरमध्ये (कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडणं) 'डिस्टल न्यूरोव्हॅस्क्युलर नॉर्मल' (पुढच्या नर्व्ह आणि रक्तवाहिन्या ठीक) एवढंच लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. अंगठा वर करायला सांगा: रेडिअल नर्व्ह. अंगठा-तर्जनीचा गोल करायला सांगा: अँटेरिअर इंटरऑसिअस. तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांवर चढवायला सांगा: अल्नर. तिन्ही वेगवेगळं नोंदवा.

ट्रॅक्शनचे आकडे थोडे आहेत, पण चुकले तर महागात पडतात. स्किन ट्रॅक्शनला 5 किलोच्या वर जाऊ नका, म्हाताऱ्यांच्या पातळ कातडीला 2-3 किलोच. अप्पर टिबिअल पिन (नडगीच्या वरच्या टोकातून आरपार घालायची सळई) ट्युबरॉसिटीच्या (गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्याच्या) 2 सेंटिमीटर खाली आणि 2 सेंटिमीटर मागे, बाहेरून आत, म्हणजे नर्व्हच्या बाजूने सुरुवात. फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) खालच्या टोकाला उलट, आतून बाहेर, कारण तिथे धमनी आतल्या बाजूला असते. वाढत्या वयाच्या मुलांत अप्पर टिबिअल पिन टाळा. ग्रोथ प्लेटला (जिथून हाड वाढतं त्या थराला) इजा झाली तर पुढे गुडघा मागे झुकतो.

वाचनाबद्दल. सगळी जाडजूड पुस्तकं पहिल्या महिन्यात विकत घेऊ नका. पहिले सहा महिने ॲपलीचं पुस्तक पुरतं, तेही तपासणीच्या भागासाठी. ज्या फ्रॅक्चरचा रुग्ण वॉर्डात आहे त्याचं प्रकरण त्याच आठवड्यात रॉकवुड-ग्रीनमधून वाचा. कॅम्पबेल संदर्भासाठी लायब्ररीत असू द्या. एओ सर्जरी रेफरन्स मोबाइलवर फुकट आहे. दुसऱ्या दिवशीच्या ओटी लिस्टमधलं हाड उघडा, पोझिशन, ॲप्रोच (हाडापर्यंत जायची वाट) आणि रिडक्शन (हाड जागेवर बसवणं) एवढं रात्री बघून घ्या. ॲप्रोचसाठी हॉपेनफेल्ड, आणि वाचून झाल्यावर वहीत दोनच ओळी: कोणत्या दोन स्नायूंमधून जायचं, आणि कोणती नर्व्ह वाटेत आहे. उदाहरणार्थ, हेन्री ॲप्रोच (पुढच्या हातातल्या रेडिअस हाडाकडे समोरून): खाली ब्रॅकिओरेडिॲलिस आणि फ्लेक्सर कार्पी रेडिॲलिस, वर ब्रॅकिओरेडिॲलिस आणि प्रोनेटर टेरिस; सुपरफिशिअल रेडिअल नर्व्ह ब्रॅकिओरेडिॲलिसच्या खाली; वर सुपिनेटरपाशी हात पूर्ण उताणा ठेवायचा, म्हणजे पोस्टेरिअर इंटरऑसिअस नर्व्ह दूर सरकते. रिट्रॅक्टर धरतानाही हे माहीत असलेल्याला वेगळं दिसतं.

हत्यारांची ओळख ओटी सिस्टरांकडून करून घ्या, त्यांच्याइतकं ट्रॉलीवरचं कुणालाच माहीत नसतं. 3.5 मिलिमीटर कॉर्टिकल स्क्रूला 2.5 चं ड्रिल, 4.5 ला 3.2 चं. लॅग स्क्रू करायचा तर जवळच्या कॉर्टेक्सला (हाडाच्या कडक कवचाला) स्क्रूच्याच मापाचं भोक, पलीकडच्याला लहान. दोन्हीकडे लहान ड्रिल वापरलं तर तुकडे एकमेकांवर दाबले जात नाहीत, नुसते होते तिथे अडकून राहतात. ड्रिल पलीकडे घुसणं हा नवख्यांचा मोठा दोष. सरावासाठी जाड पीव्हीसी पाइप किंवा खाटकाकडची बकऱ्याची हाडं चालतात. पाइपच्या पलीकडे ओली माती लावा, टोक किती घुसलं ते लगेच कळतं.

सी-आर्मपाशी (ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्रापाशी) लेड ॲप्रन आणि थायरॉइड शील्ड दोन्ही. ट्यूब टेबलाखाली, इमेज इंटेन्सिफायर रुग्णाच्या जितका जवळ तितका बरा. टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा) पहिल्याच महिन्यात मागून घ्या.

इथे येणाऱ्यांत कन्नड आणि तेलुगू बोलणारे खूप. 'एल्ली नोवू?' आणि 'एक्कड नोप्पी?', म्हणजे 'कुठं दुखतंय?', एवढं तरी पहिल्या आठवड्यात तोंडात बसू द्या. नर्व्हची तपासणी दुभाष्यामार्फत नीट होत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रंही रेसिडेंटच्याच अंगावर येतात: रेशन कार्ड आणि आधार दाखल होतानाच मागा, ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे एक्स-रे फोटोसह जपा. अपघाताचा एमएलसी (मेडिको-लीगल केस) नंबर पहिल्याच कागदावर हवा.

जिल्हा रेसिडेन्सीचे (जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या नेमणुकीचे) तीन महिने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरमध्ये जातात, हे थिसिसचं वेळापत्रक आखतानाच धरा. विषय निवडताना फॉलो-अपचा विचार आधी करा. ऊसतोड मजुरांवर अभ्यास करायचा म्हटलं तर हंगाम संपला की टोळी गावी परतते आणि सहा महिन्यांचा एक्स-रे मिळत नाही. अशा रुग्णाचा स्वतःचा, गावाकडच्या एका नातेवाइकाचा आणि टोळीच्या मुकादमाचा, असे तिन्ही मोबाइल नंबर डिस्चार्जच्या दिवशीच प्रोफॉर्म्यावर उतरवून घ्या, आणि रुग्ण समोर असतानाच तिन्ही लावून बघा.