बालआरोग्यासाठी अनुदान मागताय? निदान या चुका तरी टाळा

मार्च लागला की माझ्याकडे फायली यायला लागतात. अमरावती, यवतमाळ, गडचिरोलीकडच्या लहान संस्थांच्या. "सर, उद्या शेवटची तारीख आहे, फक्त एक नजर टाका." नजर टाकली की दुसऱ्याच पानावर डोकं धरायची वेळ येते. उद्या शेवटची तारीख असलेली फाईल मी आता घेतच नाही. राग आला तर येऊ द्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगतो. ती मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

चिखलदरा तालुक्यात आम्हाला एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपनीने समाजकार्यासाठी बाजूला काढलेल्या निधीतून, पाच वर्षांखालच्या मुलांच्या पोषणासाठी पैसे मिळाले. मंजुरी आली नोव्हेंबरात. उत्साह इतका, की डिसेंबरात बेसलाइन, म्हणजे काम सुरू होण्याआधीची मोजणी, उरकून टाकली. एका अंगणवाडीत यादीत बावन्न मुलं आणि समोर एकतीस. सेविका म्हणाली, "सर, बाकीचे पोट्टे तं माय-बापासंग कामाले गेले ना. होळीले येतीन." आम्ही रकान्यात 'गैरहजर' लिहिलं आणि पुढच्या गावाची गाडी पकडली.

एंडलाइन, म्हणजे शेवटची मोजणी, पडली ऑगस्टात, कारण प्रकल्पाची मुदत तिथं संपत होती. तोवर बाहेरगावी गेलेली कुटुंबं कधीच परतली होती आणि ती मुलं आता वजनकाट्यावर चढली. त्यात ऑगस्ट म्हणजे घरातलं धान्य तळाला गेलेलं, आई दिवसभर निंदणाला, लेकरांना हगवण नाहीतर ताप. डिसेंबरात मोजलेली मुलं कोणती होती? ज्यांच्या आईबापांना गाव सोडावं लागलं नाही ती, आणि तीही नवी ज्वारी घरात आलेली असताना. निकाल व्हायचा तोच झाला. आमच्याच अहवालात तीव्र कुपोषित मुलांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. कंपनीच्या बैठकीत एका साहेबांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे तुमच्या कामामुळे कुपोषण वाढलं का?" उत्तर माझ्याकडे होतं, पण आकडे दाखवून झाल्यावर दिलेलं उत्तर बहाण्यासारखंच ऐकू येतं.

तेव्हापासून माझी सवय अशी. तारीख ठरवण्याआधी दोन-तीन सेविकांना फोन लावतो: गावात कोण आहे, कोण नाही, कधी येणार. पहिली मोजणी ज्या महिन्यात, शेवटचीही त्याच महिन्यात. मुदत त्यात बसत नसेल तर मुदत वाढवून मागतो, नाही मिळाली तर 'कुपोषण इतकं कमी करू' हे वाक्य अर्जातून काढतो. गैरहजर मुलांची वेगळी यादी ठेवतो आणि होळीनंतर फक्त त्यांच्यासाठी पुन्हा फेरी मारतो. आणि जिथं आपण काम करत नाही अशी काही गावंही मोजतो. पावसाळा सगळ्यांवरच येतो, त्यामुळे ऋतूचा परिणाम कुठला आणि कामाचा कुठला, हे तिथूनच कळतं.

यावरून आठवलं. "आम्ही गडचिरोली मॉडेल राबवू" हे वाक्य मला दर तिसऱ्या अर्जात दिसतं, आणि खाली मुदत लिहिलेली असते नऊ महिने. बाबांनो, बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, तेव्हा शेजारची 47 गावं तुलनेसाठी ठेवली होती. 1993 ते 1995 ही दोन वर्षं आधीची स्थिती नोंदवण्यात गेली, मग काम सुरू झालं. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले ते त्यानंतर. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, ती आधीची दोन वर्षं मात्र कोणालाच नको असतात.

मोजमापाबद्दल थोडक्यात. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. झोपवलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण 0.7 सेंटिमीटर जास्त भरते, म्हणून मिसळ करू नका. दंडघेर, म्हणजे पट्टीने मोजलेला दंडाचा घेर, 11.5 सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषित, हे सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. त्याहून लहान बाळाला ती पट्टी गुंडाळून आकडे भरलेले मी पाहिले आहेत. वजनकाटा रोज सकाळी तपासा. माझ्या पिशवीत परतवाड्याच्या एका धान्य व्यापाऱ्याकडून आणलेलं, वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं पाच किलोचं वजन असतं. पोरं हसतात. हसू द्या.

पैशांच्या बाबतीत दोन गैरसमज फार बोकाळलेत. सीएसआरमधली पाच टक्क्यांची प्रशासकीय मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे, तुमच्या संस्थेला नाही. त्या भीतीने हिशेबनीसाचा पगार 'प्रवास' या सदरात लपवू नका, ऑडिटर तो शोधतोच. परदेशी पैशाचं मात्र वेगळं. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, त्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर तिथं प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि एका संस्थेने आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. नागपुरातल्या कुणा मोठ्या संस्थेने "आमच्या एफसीआरएतून तुम्हाला वाटा देऊ" असा शब्द दिला असेल, तर चहा प्या आणि घरी या.

संशोधन करायचं असेल तर एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, मान्यता मुलाखती सुरू होण्याआधी लागते. नंतर 'मागची तारीख टाकून' मागणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवतो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आईवडिलांची संमती तर लागतेच, शिवाय सात ते बारा वयाच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी होकार लागतो. कोरकू आदिवासी आईपुढे मराठीतलं चार पानी पत्रक धरून अंगठा घेणं याला मी संमती म्हणत नाही. कोरकू बोलणारी गावातलीच बाई सोबत घ्या, तिला मानधन द्या, बजेटात तशी ओळ टाका. वाचता न येणाऱ्या आईचा अंगठा घेताना संस्थेबाहेरचा एक साक्षीदार हवाच.

मुखपृष्ठावर उघड्या अंगाच्या, फासळ्या मोजता येतील अशा लेकराचा फोटो टाकू नका. त्याच्या आईला विचारलं होतं का?

नव्या मंडळींना बजेटाचा साचा इंटरनेटवरून उतरवायची फार घाई असते. मग त्यात टॅबलेट येतो, डॅशबोर्ड येतो, सल्लागार येतो. गेल्या महिन्यात अशाच एका अर्जाच्या निमित्ताने धारणीकडच्या एका अंगणवाडीत गेलो होतो. डिजिटल काटा कपाटात पडून होता. सेविकेने विचारलं, "सर, याचे सेल कोन देते?" अठरा लाखांच्या त्या बजेटात सेलची ओळ नव्हती.