स्टुडिओच्या कॉम्प्युटरची सिस्टीम बदलायची की नाही, हे कसं ठरवावं

गणपतीच्या गाण्यांचं काम श्रावण लागायच्या आत हातावेगळं करावं लागतं. एका वर्षी फक्त ढोलकीचा ट्रॅक राहिला होता. आदल्या रात्री कॉम्प्युटरवर अपडेटची सूचना आली, मी होकार दिला आणि झोपायला गेलो. सकाळी दहाला ढोलकीवाले दादा आले, सूर लावून माइकसमोर बसले, आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये इनपुटच्या यादीत ऑडिओ इंटरफेसचं (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या खोक्याचं) नावच दिसेना. इंटरफेसवर दिवा लागलेला, केबल जागेवर, पण कॉम्प्युटरच्या लेखी तो नव्हताच. दुपारी दोनपर्यंत ड्रायव्हर (कॉम्प्युटरला इंटरफेस ओळखायला लावणारा प्रोग्रॅम) काढून परत घालत बसलो. दादांचा दुसऱ्या दिवशी बाहेरगावी कार्यक्रम होता, त्यामुळे ते गेले. त्यांचे दिवसाचे पैसे दिले आणि गाणं चार दिवस लांबलं.

तेव्हापासून नव्या सिस्टीममध्ये, म्हणजे विंडोज किंवा मॅकओएसच्या नव्या आवृत्तीत, काय काय आलंय ते मी नंतर वाचतो. आधी बघतो, माझ्या टेबलावर सगळ्यात जुनं काय आहे. त्याला नवी सिस्टीम सांभाळून घेणार का, यावर बहुतेक वेळा सगळं ठरतं.

१. गरज नेमकी कुठून आली ते स्वतःला विचारा

सिस्टीम बदलायला खरी कारणं मोजकीच आहेत. एक म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद होणं. विंडोज १० चं असंच झालं: १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नेहमीचा आधार संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची मुदतवाढ जाहीर केली. मॅकवर साधारणपणे चालू आणि तिच्या मागच्या दोन अशा तीन आवृत्त्यांना सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात, त्यामुळे एक आवृत्ती मागे राहिलात तरी लगेच घाबरायचं कारण नाही.

दुसरं कारण म्हणजे तुमच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जुन्या सिस्टीमवर बसतच नाही आणि त्या आवृत्तीशिवाय काम अडलंय. मॅकवरचं लॉजिक प्रो हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा. तिसरं, मशीनच नवं घेतलंय. यातलं एकही लागू नसेल आणि काम सुरळीत चालू असेल, तर थेट सातव्या पायरीवर जा.

विंडोज ११ चा विचार करत असाल तर मशीन पात्र आहे का ते आधी बघा. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची तपासणी) लागतं. प्रोसेसर इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा पुढचा. या अटींना वळसा घालून सिस्टीम बसवायच्या युक्त्या आहेत, पण ज्या मशीनवर दुसऱ्यांची गाणी आहेत तिथे मी त्या वापरणार नाही.

२. कागदावर यादी करा, जुन्यात जुनं शोधा

मशीनचं मॉडेल, सध्याची सिस्टीम, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची आवृत्ती, इंटरफेस आणि त्याचा ड्रायव्हर, मिडी कीबोर्ड, मग सगळे प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडलेली वाद्यं आणि इफेक्ट). प्रत्येक प्लगइनपुढे लिहा की लायसन्स कसलं आहे: आयलॉक डोंगल (यूएसबीला लावायची लायसन्सची चावी), कॉम्प्युटरवरच बसवलेलं, की कंपनीच्या खात्यात लॉगिन करून चालणारं. याला एक संध्याकाळ जाते, पण अर्धा निर्णय इथेच होतो.

जुनी वस्तू अडते म्हणजे काय, हे मॅकवर गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा दिसलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकची कॅटलिना ही सिस्टीम आली आणि ३२-बिटचे, म्हणजे जुन्या धाटणीचे, सगळे प्रोग्रॅम एका फटक्यात बंद झाले. ज्यांच्या गाण्यांत एखादा जुना ३२-बिट सिंथ होता, त्यांच्यासाठी कॅटलिनाच्या आधीची ‘मोजावे’ ही शेवटची सिस्टीम ठरली.

फायरवायर या जुन्या जोडणीची गोष्ट मला जास्त लागते. २००१ साली मोटू ८२८ हा फायरवायरवर चालणारा पहिला ऑडिओ इंटरफेस आला आणि पुढची दहाएक वर्षं अनेक छोट्या स्टुडिओंचं काम याच तारेवर चाललं. मॅकवरून ते पोर्ट गेल्यावरही लोकांनी थंडरबोल्टचे अ‍ॅडॉप्टर लावून ते इंटरफेस जिवंत ठेवले. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस २६ टाहोने मात्र फायरवायरचा आधारच काढून टाकला. इंटरफेसचे प्रीअ‍ॅम्प आजही उत्तम असतील, आवाज तसाच गोड असेल, पण टाहोवर तो दिसणार नाही. असा इंटरफेस तुमच्याकडे असेल तर प्रश्न सिस्टीमचा राहत नाही. नव्या इंटरफेसचे पैसे आत्ता घालायचे आहेत का, हे ठरवावं लागतं.

अ‍ॅपल सिलिकॉनच्या (कंपनीच्या स्वतःच्या चिपच्या) मॅकवर आणखी एक गोष्ट तपासा: कोणते प्लगइन अजून रोझेटावर चालतात? इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम चालवणारी ही सोय मॅकओएस २७ पर्यंत राहील आणि पुढे काही जुन्या गेम्सपुरती उरेल, असं अ‍ॅपलने जाहीर केलंय. आणि मॅकच इंटेलचा असेल, तर टाहोच्या पुढची सिस्टीम त्याला मिळणार नाही.

३. एकेका नावापुढे कंपनीचं उत्तर लिहा

प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर कोणत्या सिस्टीमवर काय चालतं याचं पान असतं. तिथे तुमच्या मॉडेलचं आणि नव्या सिस्टीमचं नाव स्पष्ट दिसलं तरच ‘चालतं’ लिहा. ‘तपासणी सुरू आहे’ असं असेल तर यादीत ‘नाही’ लिहा. फुकट मिळालेले, एकट्या माणसाने हौसेने बनवलेले प्लगइन विसरू नका. बनवणाऱ्याने काम थांबवलं असेल तर उत्तर द्यायला कोणी नसतं, आणि नेमका तोच प्लगइन तुमच्या तानपुऱ्यावर बसलेला असतो.

‘पहिली आवृत्ती टाळा, पुढच्या बारीक अपडेटला घ्या’ असं सगळे सांगतात. सल्ला चांगला आहे, पण पुरेसा नाही. मॅकची सोनोमा ही सिस्टीम सप्टेंबर २०२३ मध्ये आली. तिचा १४.४ हा अपडेट मार्च २०२४ मध्ये, म्हणजे जवळपास सहा महिन्यांनी आला आणि त्याने कॉपी-प्रोटेक्शन असलेले ऑडिओ युनिट (मॅकवरचा एक प्रकार) प्लगइन उघडेनासे झाले. तीनेक आठवड्यांत १४.४.१ ने ते दुरुस्त झालं. ज्यांना मधल्या काळात गाणं द्यायचं होतं, त्यांना तीन आठवडे फार मोठे होते. म्हणून बारीक अपडेटलाही मी दोन-तीन आठवडे हात लावत नाही.

४. पंचांग बघा

अ‍ॅपलची नवी सिस्टीम बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. आपल्याकडे तेव्हा गणपती, देवीची गाणी, मग दिवाळी पहाटेच्या तालमी. चालू कामाच्या मधे सिस्टीम बदलायची नाही, हा नियम मी आता मोडत नाही. मला पौष बरा वाटतो. लग्नसराई थांबलेली असते, स्टुडिओ रिकामा असतो, आणि तोवर नव्या सिस्टीमच्या सुरुवातीच्या चुकाही बऱ्याच दुरुस्त झालेल्या असतात. निदान आठवडाभर कोणालाही काही द्यायचं नाही, असा काळ निवडा.

५. परतीची वाट आधी बांधा

संपूर्ण डिस्कची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. फक्त गाण्यांचं फोल्डर पुरत नाही. सिस्टीम, प्लगइन, सेटिंग सगळं हवं.

मग महत्त्वाच्या गाण्यांचे स्टेम काढा. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, २४-बिट वेव्ह फाइल म्हणून; एकदा इफेक्टसकट, एकदा कोरा. सोबत मिडी फाइल (कोणता सूर कधी वाजला याची नोंद) आणि एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टेम्पो, पट्टी, सॅम्पल रेट. उद्या एखादा प्लगइन उघडला नाही तरी त्याचा आवाज तुमच्याकडे राहतो.

प्लगइन आणि सॉफ्टवेअरचे जुने इन्स्टॉलर जपून ठेवा, कारण कंपन्या ते संकेतस्थळावरून काढून टाकतात. कॉम्प्युटरवर बसवलेली लायसन्स शक्य तिथे खात्यात परत घ्या.

माघारीची मुदतही माहीत असू द्या. विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर आपोआप मागे यायला १० दिवस मिळतात. मॅकवर मागे यायचं म्हणजे डिस्क पुसून जुनी सिस्टीम नव्याने घालायची. आणि मॅक ज्या सिस्टीमसह विकत आला, तिच्यापेक्षा जुनी त्यावर साधारणपणे बसत नाही.

६. वेगळ्या डिस्कवर चालवून बघा

शक्य असेल तर नवी सिस्टीम आधी दुसऱ्या एसएसडीवर घाला. मॅकवर बाहेरच्या एसएसडीवरून ती सहज चालते. विंडोजवर आतली डिस्क काढून तिच्या जागी दुसरी लावा, म्हणजे चुकून जुनीवर काही लिहिलं जाणार नाही.

आता तुमचं सगळ्यात जड गाणं उघडा, पण त्याची प्रत करूनच. नव्या आवृत्तीत सेव्ह झालेलं गाणं जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) १२८ सॅम्पलवर ठेवा. ४८ किलोहर्ट्झला ते सुमारे २.७ मिलिसेकंद होतात, आणि गायकाच्या हेडफोनमध्ये पोचेपर्यंतचा उशीर त्याहून जास्त असतो. अर्धा तास सलग रेकॉर्ड करा. मी टाळ वाजवून रेकॉर्ड करतो, कारण टाळेच्या झणत्कारात बारीकशी ‘टक्’ लगेच कानाला टोचते. विंडोजवर लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम सोबत चालू ठेवा; आवाज तुटत असेल तर कोणता ड्रायव्हर अडवतोय ते त्यात दिसतं. मशीन झोपवून परत जागं करा, इंटरफेसची तार काढून लावा, एक बाउन्स (गाण्याची एकत्र केलेली फाइल) काढून जुन्या बाउन्सशी ताडून ऐका.

एकही गोष्ट अडखळली तर पुढे जाऊ नका. ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेली गोष्ट कलाकार समोर बसलेला असतानाच उभी राहते.

७. ‘नाही’ ठरलं तर तेही नीट करा

मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमध्ये जनरल, मग सॉफ्टवेअर अपडेट इथे आपोआप बसवण्याचे पर्याय बंद करा. विंडोजवर अपडेट काही आठवड्यांपुरतेच थांबवता येतात, म्हणून मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आधार संपलेल्या सिस्टीमवर काम करायचं तर त्या मशीनवर मेल, बँक, ब्राउझिंग काही नको. लायसन्सची पडताळणी करण्यापुरतंच इंटरनेट जोडा. कलाकारांनी आणलेला पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या, अपडेट असलेल्या मशीनवर तपासा.

‘हो’ ठरलं आणि बदल झाला, तरी जुनी डिस्क लगेच पुसू नका. तिच्यावर सिस्टीमचं नाव आणि तारीख लिहून कपाटात ठेवा, निदान पुढचा गणपती आणि दिवाळी पार पडेपर्यंत.